काचबिंदु आणि डोळ्यांतील कोन



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह असा आपला समज असतो. मी आज ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें तो डोळ्यांतील एका कोपऱ्याचा आहे. हा कोपरा इतका लहान कीं त्याचीं मापें मिलिमीटरांत आणि त्याच्या अंशांत घ्यावीं लागतात. परंतु तो बंद झाला असतां धडधाकट माणूस दोन-तीन दिवसांत एका डोळ्यानें आंधळा होऊं शकतो. आणि विद्वानांनीं डोळ्याचा अभ्यास दोन हजारांवर वर्षें केला, तरी जिवंत माणसाच्या डोळ्यांतला हा कोपरा नीटपणें कोणाच्या नजरेस पडला तो विसाव्या शतकांत.

आरंभ नांवापासून करणें बरें. मोतीबिंदु आणि काचबिंदु हीं नांवें आपण सख्ख्या भावांसारखीं जोडीनें उच्चारतों, आणि त्यामुळें दुसरा रोग ही पहिल्याचीच पुढली पायरी असावी असा पुष्कळांचा ग्रह असतो. वस्तुतः मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग गढूळ होतें. तें काढून टाकलें कीं दृष्टि परत येते. काचबिंदूंत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारा दृष्टीचा मज्जातंतु झिजतो, आणि झिजलेला तंतु पुन्हां भरून येत नाहीं. पण या घोटाळ्याचा सर्व दोष आपल्या अज्ञानावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. आपल्या जुन्या वैद्यकांत 'काच' हा तिमिराचा एक टप्पा मानीत: तिमिर वाढलें कीं काच, आणि काच वाढला कीं लिंगनाश. ज्या लिंगनाशावर शलाकेचा उपाय सांगितला आहे, तो बहुतांशीं आजचा मोतीबिंदु. म्हणजे 'काच' हा शब्द मूळचा मोतीबिंदूच्या घरचा, आणि पुढें तो दुसऱ्या घरीं दत्तक गेला! ग्रीकांचीहि गत हीच. समुद्राच्या पाण्यासारखा निळसर-हिरवट जो रंग, त्याला ते 'ग्लौकोस' म्हणत. हिपोक्रेटिसाच्या नांवावर असलेल्या सूत्रसंग्रहांत म्हातारपणाच्या व्याधि सांगतांना या रंगाच्या डोळ्याचा उल्लेख येतो. इंग्रजी ग्लॉकोमा हा शब्द तेथूनच आला. बाहुलीला रंग चढला एवढेंच त्या काळच्या वैद्याला दिसे. आंत नेमकें काय बिघडलें हें कळण्यास त्याच्यापाशीं साधन नव्हतें.

आतां डोळ्याची रचना थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं. वर्गांत असतों तर फळ्यावर आकृति काढली असती. पण आकाशवाणीवर खडू चालत नाहीं. म्हणून श्रोत्यांनीं आपल्या मनगटावरील घड्याळ डोळ्यांपुढें आणावें. घड्याळाची वरची फुगीर कांच म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग, पारपटल. खालची तबकडी म्हणजे काळा, तपकिरी वा घारा असा जो रंगीत पडदा आपणांस दिसतो तो. या तबकडीच्या मध्यभागीं एक भोंक आहे; ती बाहुली. भोंकाच्या लगेच मागें, जवळजवळ त्याला टेकून, भिंग बसविलेलें आहे. आणि कांच व तबकडी कडेला सभोंवार जेथें एकमेकांस मिळतात, तोच आपला कोन.

कांच आणि तबकडी यांमधील पोकळी रिकामी नसते. तींत स्वच्छ पाणी असतें. हें पाणी तबकडीच्या मागें, भिंगाच्या कडेजवळ, मिनिटाला दोन-अडीच घनमिलिमीटर या बेतानें पाझरतें. बाहुलींतून पुढें येतें. आणि कोनांत असलेल्या एका बारीक चाळणींतून निघून रक्तांत मिसळतें. दीड-दोन तासांत पुढच्या पोकळींतलें सारें पाणी बदलतें. जितकें येतें तितकें जातें, म्हणून डोळ्याचा दाब पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरांच्या दरम्यान राहतो. घरांतील न्हाणीची मोरी तुंबली म्हणजे काय होतें तें गृहिणींना सांगावयास नको. डोळ्याला तर उंबरठाहि नाहीं. बाहेर सांडावयास जागा नसल्यामुळें दाब 50, 60 किंवा त्याहूनहि वर चढतो, आणि मज्जातंतूचा रक्तपुरवठा चेंगरतो.

मोरी तुंबते कशी, हा खरा प्रश्न आहे. पुढच्या पोकळीची खोली सर्वसाधारण माणसांत सुमारें तीन मिलिमीटर असते. कांहीं डोळ्यांत ती दोनाच्या आसपासच भरते. अशा उथळ डोळ्यांत भिंग बाहुलीच्या कडेला घट्ट टेकतें आणि मागचें पाणी पुढें येण्यास अडतें. मागें साठलेलें पाणी रंगीत पडद्याला वाऱ्यानें भरलेल्या शिडाप्रमाणें पुढें फुगवितें, आणि पडद्याची कड कोनांतील चाळणीवर जाऊन बसते. बाहुली अर्धवट रुंदावलेली असतां हा प्रकार विशेष घडतो. म्हणून अंधुक उजेड, रात्रीचें जागरण किंवा बाहुली रुंदावणारें एखादें औषध यांचें निमित्त पुष्कळदां सांगण्यांत येतें. हा झाला कोन मिटल्यामुळें होणारा काचबिंदु. दुसऱ्या एका प्रकारांत कोन उघडा असून चाळणीच मंद झालेली असते. तो वर्षानुवर्षें मुकाट्यानें चालतो. त्याचा विचार आज ओघापुरताच.

कोन एकाएकीं मिटला कीं जें होतें त्याचें वर्णन फार जुनें आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत 'अधिमंथ' नांवाचा नेत्ररोग सांगितला आहे. रवीनें घुसळावें तशी डोळ्यांत वेदना, आणि तीहि अर्धें डोकें व्यापणारी. अनेक विद्वान् यांत आजच्या तीव्र काचबिंदूचें चित्र पाहतात. सगळे अधिमंथ हाच रोग असतील असें मला वाटत नाहीं. तरी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. उपेक्षा केली तर दृष्टि किती रात्रींत जाईल याची मुदत तेथें दिली आहे: कफाचा असल्यास सात, वाताचा सहा, रक्ताचा पांच; आणि पित्ताचा असल्यास तत्काळ.

हें वाचतांना मला माझ्या थोरल्या बहिणीची आठवण होते. सुमारें 30 वर्षांपूर्वींची गोष्ट. एका रात्रीं तिचें कपाळ उजव्या बाजूनें ठणकूं लागलें, वांत्या झाल्या, आणि दिव्याभोंवतीं इंद्रधनुष्याचीं कडीं दिसतात असें ती म्हणूं लागली. पित्त खवळलें असें सर्वांनींच ठरविलें, मींहि ठरविलें. सूतशेखर झालें, मोरावळा झाला, डोक्याला सुंठीचा लेप झाला. ज्यांना बोलाविलें त्या वैद्यकीय गृहस्थांनींहि पोट तपासलें, डोळा पाहिला नाहीं. वेदना इतकी कीं डोळा लाल झाल्याचें कोणाच्या मनांतहि भरलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं शहरांतील नेत्रवैद्यापुढें नेली, तेव्हां त्यांनीं पापणीवरून बोट दाबून मला तसेंच करून पाहावयास सांगितलें. एक डोळा पिकल्या द्राक्षासारखा, दुसरा सुपारीसारखा. त्या सुपारीसारख्या डोळ्याची दृष्टि गेली ती पुन्हां आली नाहीं.

बोटाला लागणारा हा कठीणपणा युरोपांतील वैद्यांनीं केव्हां हेरला? 1622 सालीं इंग्लंडांत रिचर्ड बॅनिस्टर यानें नेत्ररोगांवर ग्रंथ छापला. त्यांत असाध्य अंधत्वाचें एक लक्षण म्हणून त्यानें डोळ्याचें घट्ट होणें नोंदलें आहे. ही नोंद पुढें दोन शतकें जवळजवळ पडूनच राहिली. कारण वैद्यांच्या डोक्यांत डोळ्याचा जो नकाशा होता, त्यांत हा कठीणपणा कोठेंच बसत नव्हता.

तो नकाशा कसा होता तें पाहण्यासारखें आहे. गेलन यानें भिंग हेंच दृष्टीचें मुख्य इंद्रिय मानलें होतें. जें मुख्य तें मध्यभागीं असावयाचें, या समजुतीनें मागाहूनच्या ग्रंथकारांनीं भिंगाला डोळ्याच्या ऐन मध्यावर सिंहासन दिलें. इतर अवयवांच्या बाबतींत गेलनच्या चुका निर्भयपणें दाखविणारा वेसालियस, पण 1543 सालच्या त्याच्या प्रख्यात ग्रंथांतहि भिंग मध्यावरच आहे! याचें एक कारण असें दिसतें कीं मेलेला डोळा लौकर सैल पडतो आणि चिरला कीं पाणी निघून जातें; मग आंतले भाग जागच्या जागीं राहत नाहींत. आपल्याकडेहि सुश्रुतानें प्रेत वाहत्या पाण्यांत कुजवून शरीराचें ज्ञान करून घेण्याची रीत सांगितली आहे. हाडें, स्नायु, शिरा यांना ती उपयोगी. डोळ्याच्या नाजूक कोनाचा मात्र तींत मागमूसहि उरणार नाहीं.

भिंग मध्यावर ठेवल्यानें दुहेरी नुकसान झालें. रंगीत पडदा आणि भिंग यांमध्यें एक मोठी रिकामी जागा कल्पावी लागली, आणि मोतीबिंदु म्हणजे त्या जागेंत वरून उतरलेला गढूळ रस असें ठरलें. आणि भिंग पडद्यापासून इतकें दूर, तर तें पडद्याला टेकून पाण्याची वाट अडवील ही शंका तरी कोणाला यावी? बाझेलच्या फेलिक्स प्लाटरनें 1583 सालीं दृष्टीचें स्थान भिंग नसून मागचें दृष्टिपटल आहे असें सांगितलें. फाब्रिशियसनें 1600 सालीं भिंग पुढें आणून ठेवलें. आणि ज्योतिषी केप्लर यानें 1604 सालीं दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा कशी पडते तें गणितानें दाखविलें. तरीहि मोतीबिंदूविषयींची जुनी कल्पना आणखी शंभर वर्षें हलली नाहीं. 1705 सालीं फ्रान्समधील ब्रिसो या वैद्यानें एका मृत सैनिकाच्या डोळ्यांतला मोतीबिंदु सुईनें खालीं पाडला, आणि मग डोळा उघडून पाहिला. खालीं पडलेलें तें गढूळ भिंगच होतें. पॅरिसच्या विज्ञानपरिषदेला हें आरंभीं पटलें नाहीं. तीन वर्षांनीं पटलें. भिंग मोतीबिंदूच्या वांट्यास गेलें, आणि 'ग्लॉकोमा' हें नांव बेवारशी झालें. ब्रिसोनें तें भिंगामागील द्रवाच्या गढूळपणाला देऊन टाकलें. अर्थात् ही चूकच होती.

पुढची महत्त्वाची पावलें 1830 या एकाच सालीं दोन ठिकाणीं पडलीं, आणि दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती. ग्लासगोच्या मॅकेंझी यानें आपल्या ग्रंथांत काचबिंदूच्या डोळ्याचा कठीणपणा ठळकपणें मांडला आणि आंत पाणी फार झालें असावें असें सुचविलें. बर्लिनच्या श्लेम यानें कोनालगत डोळ्याभोंवतीं फिरणारी एक सूक्ष्म नळी दाखविली. पाणी कोठें तुंबतें आणि कोणत्या वाटेनें जातें, हीं दोन्ही उत्तरें त्या वर्षीं छापलीं गेलीं होतीं. त्यांची गांठ पडण्यास 43 वर्षें लागलीं. 1873 सालीं लेबर यानें पाणी कोनांतूनच बाहेर जातें हें प्रयोगानें सिद्ध केलें.

मध्यंतरीं उपाय मात्र सांपडून गेला होता. हेल्महोल्ट्झनें 1851 सालीं नेत्रांतर्दर्शक प्रसिद्ध केला, आणि जिवंत डोळ्याच्या तळाशीं प्रथमच उजेड पोहोंचला. बर्लिनचा आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ हा त्या उपकरणाचा पहिल्या प्रतीचा उपासक. काचबिंदूच्या डोळ्यांत दृष्टीच्या मज्जातंतूचें मुख फुगलेलें आहे असें त्यानें लिहिलें. पुढें हाइनरिख म्युलर यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून तें फुगलेलें नसून वाटीसारखें खोल गेलें आहे असें दाखविलें, आणि ग्रेफनें आपली चूक मान्य केली. मला या माणसाविषयीं आदर वाटतो तो येथें. रंगीत पडद्याचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया तो इतर रोगांत करीत असे, आणि तीनंतर डोळा मऊ होतो हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. मग त्यानें ती तीव्र काचबिंदूवर करून पाहिली आणि 1857 सालीं अनुभव प्रसिद्ध केला. तोंवर असाध्य म्हणून सोडून दिलेले डोळे वांचूं लागले. ग्रेफचें वय त्या वेळीं 29 वर्षांचें. शस्त्रक्रिया गुण कां देते हें त्याला ठाऊक नव्हतें, आणि 1870 सालीं तो वारला तोंपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतें. मुकाट्यानें चालणाऱ्या काचबिंदूंत तिचा गुण बेताचा कां, हेंहि कोडेंच होतें.

1876 सालीं मॅक्स क्नीज यानें काचबिंदूनें निकामी होऊन काढलेले डोळे कापून पाहिले. रंगीत पडद्याची कड कोनाला चिकटून बसली होती. त्याच सुमारास आडोल्फ वेबर हाहि अशाच निष्कर्षास आला. त्याच वर्षीं स्ट्रासबुर्गच्या लाक्यूर यानें बाहुली आकुंचित करणारें एक औषध काचबिंदूंत वापरलें. हें औषध पश्चिम आफ्रिकेंतील कॅलबारच्या एका शेंगेच्या बियांतलें. गुन्हेगार कोण हें ठरविण्यासाठीं तेथें हीं विषारी बीं खावयास देत. मेला तर दोषी! अशा विषानें बाहुली लहान झाली, पडदा कोनापासून ओढला गेला, आणि पाण्याला वाट मिळाली. लाक्यूरला स्वतःलाच काचबिंदु होता, हें येथें सांगितलें पाहिजे.

पण सर्वच डोळे उथळ कां नसतात? याचें उत्तर बर्मिंगहॅमच्या प्रीस्टली स्मिथनें मोजपट्टीनें शोधलें. त्यानें भिंगें मोजलीं आणि असें दाखविलें कीं माणसाची वाढ थांबली तरी भिंगाची थांबत नाहीं. झाडाच्या खोडाप्रमाणें त्यावर थर चढतच राहतात. तरुणपणीं साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचें भिंग वार्धक्यांत पांचांच्या जवळ जातें. डोळा मुळांतच लहान असेल तर वाढत्या भिंगाला जागा कोठून मिळणार? जवळच्या-दूरच्या दोन्ही कामांना फुगीर भिंगांचा चष्मा लागणारीं माणसें, पुरुषांपेक्षां स्त्रिया, आणि पूर्व आशियांतील लोक यांत हा रोग अधिक आढळतो, त्याचें कारण बहुतांशीं या मापांत आहे.

येथवर जें कळलें तें सर्व मेलेल्या किंवा काढून टाकलेल्या डोळ्यांवरून. आणि त्यांतूनच एक नवा भ्रम निघाला. शेवटच्या अवस्थेंतील डोळ्यांत कोन पुष्कळदां चिकटलेलाच सांपडे. त्यावरून प्रत्येक काचबिंदूचें मूळ तेंच असें कित्येकांस वाटलें. जिवंत डोळ्यांतला कोन पाहावा, तर तो दिसत नाहीं. पारपटल पारदर्शक असूनहि दिसत नाहीं, ही मौज आहे. कोनांतून निघालेला किरण पारपटलाच्या आंतल्या बाजूवर इतका तिरपा पडतो कीं तो बाहेर न येतां आंतच परततो. हा प्रकाशाचा नियम त्याच केप्लरनें 1611 सालीं वर्णिला होता.  ग्रीक नेत्रवैद्य त्रांतास यानें बुबुळाच्या कडेला बोटानें दाबून कोनाचें ओझरतें दर्शन घेतलें आणि या परीक्षेला नांव दिलें. ग्रात्सच्या साल्झमन यानें 1914-15 च्या सुमारास पारपटलावर कांचेची वाटी बसवून किरणाला बाहेर काढलें. 1938 सालीं बर्न येथील गोल्डमन यानें वाटींत आरसा बसविला. आणि त्याच वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटो बार्कन यानें, शेंकडों डोळ्यांचे कोन जिवंतपणीं पाहण्याची सोय झाल्यावर जें स्पष्ट दिसावयासच हवें होतें, तें लिहून टाकलें: काचबिंदु एक नव्हे, दोन आहेत. अरुंद कोनाचा आणि रुंद कोनाचा. ग्रेफचें कोडें सुटलें. त्याची शस्त्रक्रिया अरुंद कोनाला लागू, रुंद कोनाला नव्हे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयांतील एलियट यानें 1909 सालीं डोळ्याच्या भिंतीलाच सूक्ष्म गोल भोंक पाडून पाण्याला नवी वाट देण्याची क्रिया काढली होती, ती या रुंद कोनाच्या रोग्यांना अधिक उपकारक ठरली.

राहतां राहिला एक प्रश्न: पडद्याचा केवढा तुकडा कापावा? ग्रेफ मोठा कापी. अमेरिकेंतील करन यानें 1920 सालीं म्हटलें कीं कडेजवळ लहानसें छिद्र पुरे. कारण अडथळा बाहुलीपाशीं आहे, तेव्हां पाण्याला आडवाट दिली म्हणजे झालें. त्याच्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. बोस्टनच्या चँडलर यानें 1952 सालीं तीच गोष्ट पुराव्यासह मांडली, तेव्हां ती रुजली. 1970 नंतर हें छिद्र लेझरच्या किरणांनीं, डोळा न उघडतां, पाडूं लागले. 1990 च्या सुमारास टोरंटोच्या पॅव्हलिन व फॉस्टर यांनीं श्रवणातीत ध्वनिलहरींनीं जिवंत कोनाचा उभा छेद दाखविला. दिवा मालवला कीं पडदा चाळणीकडे कसा सरकतो तें आतां चित्रांत पाहतां येतें. 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेंत, पन्नाशी उलटलेल्या व कोन मिटून दाब वाढलेल्या रोग्यांचें स्वच्छ भिंगच काढून तेथें पातळ कृत्रिम भिंग बसविणें हें छिद्रापेक्षां अधिक हितकर ठरलें. प्रीस्टली स्मिथच्या मोजपट्टीचा हा दूरचा वारसा.

मग ज्यांचा ज्यांचा कोन अरुंद, त्या सर्वांना आधींच छिद्र पाडावें काय? चीनमधील ग्वांगझौ येथें 889 माणसांच्या एका डोळ्याला छिद्र पाडून दुसरा तसाच ठेवला आणि सहा वर्षें पाहिलें. 2019 सालीं निकाल आला: छिद्र पाडलेल्यांपैकीं 19 आणि न पाडलेल्यांपैकीं 36 डोळ्यांत कोन मिटण्याचा विकार पुढें सरकला. लाभ झाला, पण इतक्या थोड्यांना कीं सरसकट सर्वांना हा उपाय करूं नये असें त्या शोधकांनीं म्हटलें. ज्याचा एक डोळा झटक्यानें गेला आहे त्याची गोष्ट निराळी. त्याचा दुसराहि तसाच घडलेला असतो, आणि तेथें वाट पाहत बसणें धोक्याचें.

माझ्या बहिणीच्या डाव्या डोळ्याला त्याच आठवड्यांत छिद्र पाडलें. कामाला पांच मिनिटेंहि लागलीं नाहींत. वरच्या पापणीखालीं झांकलेलें तें टांचणीच्या टोंकाएवढें भोंक बाहेरून कोणाला दिसत नसे. त्या डोळ्यानें ती पुढें 19 वर्षें रोज पहाटे पोथी वाचीत होती, आणि सुईंत दोरा स्वतःच ओंवीत होती.